तिसऱ्या दिवशी उतरणारा ताप

९ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

शनिवारी दुपारी आपण गच्चीवर चादरींच्या घड्या घालायचो, आठवतं? दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. आधी ताणायची, मग झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. तू उगाच जोर लावून ओढायचीस. एकदा मी मुद्दाम टोकं सोडली. तू धपकन मागे बसलीस, चादर तुझ्या डोक्यावर, आणि आतून आवाज आला, "मेले मी ताई, माझ्या वाटचं तूच जेव आता." आई जिन्यातून ओरडली, "काय पडलं गं?" मी म्हणाले, "काही नाही, टिल्लू." तुला खरचटलंसुद्धा नव्हतं. पोट दुखेपर्यंत हसलो होतो आपण.

तेव्हा पडणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती.

आठ वर्षांनी लिहिते आहे, तर कारण सांगायला हवं. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातली खिडकी अडकली होती. ती वर ढकलली आणि पाठीत काहीतरी वाजलं. मोठं नाही, सुकी काडी मोडावी इतकंच. चार दिवस मी लचक समजून शेकत बसले. पाचव्या दिवशी मोजे घालता येईनात तेव्हा गेले. फोटो काढला. कण्याचे दोन मणके चेपले आहेत, आणि त्यातला एक म्हणे जुना आहे, मला पत्ताही नव्हता. हाडांची घनता मोजली, ती फार खाली. माझी उंची सहा सेंटीमीटरनं कमी झाली आहे. लहानपणी तुझं नाव टिल्लू पडलं आणि तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस. आता खरी टिल्लू मीच.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भराभर बोलतात. त्यांनी विचारलं, "पडलात का कुठे?"

"नाही. खिडकी उघडली."

"मावशी, यापुढे अडकलेल्या खिडक्या दुसऱ्यानं उघडायच्या."

दुसरं कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

गोळ्या मला चालणार नाहीत. त्या घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं, आणि माझी अन्ननलिका पहिल्यापासून नाजूक. दोन आठवड्यांत छाती जळून गेली. म्हणून आता सुईचे प्रकार समोर ठेवले आहेत. एक, वर्षातून एकदा शिरेतून औषध. खुर्चीत बसायचं, सलाईनसारखी बाटली लावतात, अर्ध्या तासात मोकळं. तीन वर्षं द्यायचं आणि मग थांबून बघायचं. दुसरं, दर तीन महिन्यांनी शिरेतच, लहानसं. ते कण्याला उपयोगी आहे, खुब्याच्या हाडाबद्दल तितकी खात्री देता येत नाही. तिसरं शिरेतून नाहीच, सहा महिन्यांनी कातडीखाली टोचायचं. ते मूत्रपिंडाला सोपं, पण तारीख चुकवायची नाही. मध्येच सोडलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात.

चौथा पर्याय काहीच न घेण्याचा. तो कसा असतो ते मला माहीत आहे.

तू म्हणशील, हे सगळं मला कशाला. खरं आहे. ठरवायच्या आधी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि हात तुझ्या नावाकडे गेला.

आईच्या वेळचं तुला आठवत असेलच. असो.

तुझी
ताई

२७ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही केली नव्हती, तरी टपाल आलं की जिना उतरून जाते. तीन मजले. उतरताना कठड्याला धरते आणि चढताना प्रत्येक वळणावर थांबून, भिंतीवरचं काहीतरी वाचल्यासारखं करते, म्हणजे कुणाला दया येत नाही.

परवा माझी एक दाढ काढली. हे औषध घेतल्यावर दाढ काढणं बरं नसतं, जबड्याचं हाड नीट भरून येत नाही कधी कधी, म्हणून जे काढायचं ते आधी. दंतवैद्य म्हणाला, "ही दाढ अजून दोन वर्षं ओढली असती तुम्ही." मी म्हटलं, "मीही तेवढीच ओढीन म्हणते, त्यात ही कशाला मध्ये." तो हसला नाही. आता हिरडी भरेपर्यंत थांबायचं. तोवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा साठा करायचा. रक्त तपासलं. वर्षातून एकदाच्या औषधाला मूत्रपिंडाचा आकडा पस्तीसच्या वर लागतो, माझा शेहेचाळीस आला. शाळेत गणितात पडायचे तेवढे. काठावर, पण पास.

आज ती खोली बघून आले. मुख्य परिचारिका स्वतः म्हणाली, या, बघून जा, म्हणजे भीती जाते. लांबट खोली, सहा निळ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक उंच दांडा आणि एक लहान टेबल. भिंतीवर मोठं घड्याळ, सगळ्या बायका त्याच्याकडे बघत बसलेल्या. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या शिवणाच्या तासासारखं वाटलं मला, सिस्टर आता उठून टाके मोजत येतील असं.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक जाडजूड बाई होत्या, आवाज असा की खोलीभर. बसचालक होत्या म्हणे, आता निवृत्त. त्यांची ही तिसरी बाटली.

"नवीन का?" त्यांनी मला विचारलं. "घाबरू नका. टोचताना काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अशी तापाल की बघत राहाल. मी पहिल्या वेळी इतकी तापले, नवरा म्हणाला, पालथी झोप, तुझ्या पाठीवर माझ्या शर्टाला इस्त्री करून घेतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी विचारलं, "आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी कसलं काय. संध्याकाळी सिनेमाला गेले."

परिचारिका बाटलीवर टिचकी मारत म्हणाली, "बहुतेकींचं असंच होतं. पहिल्याच वेळचा ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरतो."

मी जवळच्या खुर्चीची पाठ धरली. तिला वाटलं, चक्कर आली. पाणी आणून दिलं. म्हणाली, "अहो, नुसता ताप. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "हो ना. त्यात काय एवढं."

टिल्लू, मी तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. आज लिहायला बसले होते तीच लिहायला. तासभर झाला, आणि मी तुला दाढेचं सांगते आहे.

ताई

१५ मार्च

टिल्लू,

शाळेत सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करताना 'पण' म्हणायचं नाही. 'मी फुलदाणी फोडली, पण मांजर मध्ये आलं' ही कबुली नव्हे, ही मांजराची तक्रार. आज मी त्यांच्या शिस्तीनं लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी आईला हेच औषध सुरू झालं होतं. वर्षातून एकदा, शिरेतून. मी फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "चला, आता निर्धास्त." पहिली बाटली झाली. दुसऱ्या दिवशी तिला एकशे दोन ताप आला. अंग इतकं दुखत होतं की पांघरुणाचा भार सोसेना. माझं मनगट धरून म्हणाली, "पुन्हा नको गं मला हे देऊस."

तापाच्या दुसऱ्या दिवशी मी खोक्यातलं माहितीपत्रक काढलं. ते आमच्याच छापखान्यातलं, माझ्या नजरेखालून गेलेलं. आमचं काम तुला माहीत आहे. औषधांच्या घडीच्या पत्रकांची प्रुफं मी तीस वर्षं वाचली. दोघींनी मिळून वाचायची. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं छापलेल्या ओळीवर बोट फिरवायचं. वाचताना कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही, हा पहिला नियम. जोर दिला की ऐकणारीचं मन अर्थात अडकतं आणि चुका निसटतात. 'पुष्कळांना' आणि 'हजारांत एखाद्याला' हे आम्ही एकाच सुरात म्हणायचो. विरामचिन्हंही म्हणायची. ताप स्वल्पविराम अंगदुखी स्वल्पविराम जबड्याच्या हाडाची हानी स्वल्पविराम मांडीच्या हाडाला तडा पूर्णविराम.

त्या दिवशी आईच्या पलंगाशी बसून मी ते पत्रक तसंच वाचलं. दुसऱ्या तऱ्हेनं वाचायची मला सवयच राहिली नव्हती. सगळ्या ओळी एका वजनाच्या. ताप तर आलाच आहे, म्हणजे आता पुढची ओळ, मग त्याच्या पुढची, असं माझ्या मनानं घेतलं. 'हा ताप बहुधा तीन दिवसांत उतरतो व पुढील वेळी सहसा येत नाही' हे वाक्यही त्यात होतं. मी ते वाचलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्याच दुपारी मी रुग्णालयात फोन करून आईचं नाव पुढच्या बाटल्यांच्या यादीतून काढायला सांगितलं. त्यांनी सही मागितली, मी जाऊन सही केली. डॉक्टरांनी बोलायला बोलावलं होतं, मी गेले नाही. तुला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, एकच पुरे." आईलाही तेच सांगितलं. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी औषधांची पत्रकं वाचणारी मुलगी, मला कळतं, असं ती सगळ्यांना सांगायची. पुढच्या वर्षीची बाटली गेली, त्याच्या पुढच्या वर्षीचीही गेली.

मग तू आठवडाभर राहायला आलीस. मी कामावर होते. तू तिला कोपराखाली धरून दारापर्यंत चालवत होतीस. मी रुग्णालयात पोचले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. मला बघून उठलीस आणि म्हणालीस, "ताई, ती पडली नाही गं. आधी आत काहीतरी मोडलं, मी आवाज ऐकला. मग ती खाली गेली. मी धरलं होतं तिला."

आणि मी, मामांसमोर, तुझ्या मुलीसमोर, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसमोर म्हणाले, "तुझ्या हातून सुटली ती. धरता येत नव्हतं, तर उठवलीस कशाला?"

हे म्हणत असताना मला ती सही आठवत होती. म्हणूनच आवाज इतका चढला.

आई पलंगावर तीन महिने काढून गेली. त्या तीन महिन्यांत मी तुला चारदा संधी दिली असं मी लोकांना सांगायचे. कसली संधी, माफी मागायची. मामा तुला म्हणाले, "चूक झाली म्हण, संपव." तू म्हणालीस, "झाली असेल माझी चूक." मी ते ऐकून घेतलं. आई गेल्यावर तेराव्या महिन्यात तुझी पत्रं बंद झाली आणि मला, लिहायला लाज वाटते, मला हलकं वाटलं.

या मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, माणूस न पडता खुब्याचं हाड मोडतं का.

"कधी कधी मोडतं. उभ्या उभ्या. मग माणूस पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पडल्यामुळे मोडलं."

"माझ्या आईचं तसं झालं असेल?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"औषध चालू असतं तर?"

"धोका कमी झाला असता. शून्य नसता झाला."

"किती कमी?"

त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "मावशी, हा आकडा घेऊन तुम्ही काय करणार आहात?"

एवढं मला माहीत आहे, की त्या दिवशी तू काय ऐकलंस ते तू सांगितलंस, आणि तिथे खोटं बोलणारी एकच होती.

ताई

२० एप्रिल

प्रिय टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. 'औषध घे. मागचं मला लिहू नकोस.' सहा शब्द. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे धावणारं. मी तुझं ऐकते आहे. औषध घेतलं. मागचं लिहिणारं हे शेवटचं पत्र, आणि यातही बरंचसं पुढचंच आहे.

गेल्या गुरुवारी घेतलं. वर्षातून एकदाचंच. डॉक्टरीणबाईंचाही कल तिकडेच होता, एकट्या बाईला सहा-सहा महिन्यांच्या तारखा जन्मभर सांभाळणं कठीण म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांचं घेतलं असतं तर बहुधा ताप आला नसता. मला तो ताप बघायचा होता.

वरच्या मजल्यावरच्या पियानो शिकवणाऱ्या बाई सोबत आल्या. परत येताना म्हणाल्या, "एवढंच? मी तर डबा घेऊन आले होते." घरी आल्यावर मी भरपूर पाणी प्यायले, सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली आणि वाट बघत बसले. शुक्रवारी सकाळी आला. एकशे एक, मग एकशे दोन. हाडांच्या आत कुणी बोटं घालून पिळतंय असं. पांघरूण मलाही सोसेना. आई खोटं बोलत नव्हती, टिल्लू, ते खरंच वाईट असतं. पियानोबाई कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या आणि मी त्यांना दर तासानं वार विचारायचे. त्या म्हणाल्या, "वाराचं काय काढलंय, तुम्हाला कुठे गाडी पकडायची आहे?"

रविवारी सकाळी उठले तर कपाळ गार. अंग हलकं. मी उठून चहा केला, दोन कप प्यायले, बिस्किटं खाल्ली. इतकंच होतं ते. आईलाही तिसऱ्या दिवशी सकाळी चहा हवा झाला होता, तिनं स्वतः मागितला होता, मी दिला होता. फोन मी आदल्या दुपारी केला होता. एक सकाळ थांबले असते तर झालं असतं. ओट्याला धरून मी रडले, उभी राहूनच, कारण पाठीला वाकणं मना आहे.

त्याच दुपारी तुझ्या मुलीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, काही नाही.

"मावशी, आईनं तुझं पत्र मला दिलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आणि दोन तास बाहेर फिरून आली. म्हणजे वाच असंच ना?"

"हो. तिची पहिल्यापासूनची पद्धत आहे."

"मी काही माफ वगैरे करायला फोन केलेला नाही."

"नको करूस."

"तुला एक सांगायचंय. माझी मुलगी अकरा महिन्यांची झाली. आई तिला कधी उभ्यानं घेत नाही. बसून, मांडीवर उशी ठेवून, मग म्हणते, आण इकडे. रडली तरी उठून उचलत नाही, मला हाक मारते. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. एकदा मी चिडले, तर म्हणाली, माझ्या हातांचा भरवसा नाही गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनंच विचारलं, "आहेस का?" मी म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "बरं. पाठ सांभाळ," आणि फोन ठेवला.

मला वाटत होतं, मी तुझं माहेर तोडलं. त्यापेक्षा खूप पुढचं काहीतरी तोडलं आहे मी, आणि तू आठ वर्षं ते मोडलेलं घेऊन चालते आहेस, आवाज न करता.

पुढच्या महिन्यात मी तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला जाते आहे. जिने बंद. सगळं सामान मावणार नाही, म्हणून वाटणी करते आहे. लगेच मरत नाही, घाबरू नकोस, डॉक्टरीणबाईंनी मला अजून दोन बाटल्या मंजूर केल्या आहेत. तरी कुणाला काय द्यायचं ते तुला कळवून ठेवते.

मामांना एक पत्र पाठवलं आहे. १५ मार्चच्या पत्रात जे तुला लिहिलं तेच, एकही ओळ न गाळता. त्यांना आता दिसत नाही, म्हणून मामेभावाला सांगितलं आहे की सगळे जेवायला बसतील तेव्हा मोठ्यानं वाच. शब्दांवर जोर देऊन वाच, असंही सांगितलं आहे.

खालच्या काकूंना पत्र नको होतं, त्यांच्या घरी मीच जाऊन आले. त्या ऐकून म्हणाल्या, "अगं, मी तर चाळीस जणांना सांगितलंय." मी म्हटलं, आता चाळीस जणांना पुन्हा सांगा. काकूंवर विसंबायला हरकत नाही, काम होईल.

माझे शब्दकोश छापखान्यात नवीन लागलेल्या मुलीला. सोबत चिठ्ठी ठेवली आहे, की दिवसातून एक पत्रक घरी न्यावं आणि ते आजाऱ्याच्या बाजूनं वाचावं.

आईचं शिवणयंत्र तुझ्या मुलीला, तिला हवं असेल तर. नको म्हणाली तर पियानोबाईंना, पडदे शिवायचे आहेत त्यांना.

आईचा चष्मा तुला. त्याची एक काडी सैल आहे.

मी केलेल्या सहीची नक्कल रुग्णालयातून मागवून घेतली, तीही तुझ्या पाकिटात आहे. फाड, ठेव, कुणाला दाखवायची तर दाखव.

आणि तुझ्या नातीला, टिल्लू, माझ्याकडून काही नको. तिला तुझे हात दे. दोन्ही. उशी बाजूला ठेव, उभी राहा, तिला उचल आणि घरभर हिंडव.

तुझी
ताई